तुरीच्या मुळाशी

हैदराबादहून मुंबईकडे येणाऱ्या महामार्गावर पाटणचेरू लागतं. कोरडवाहू पिकांवर काम करणारी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ मध्ये तिथे उभी राहिली. ही जागा पसंत पडण्याचं एक मोठं कारण जमिनीतच होतं. एकाच कुंपणाच्या आत काळी मातीही मिळत होती आणि तांबडीही. पाऊस तोच, ऊन तेच, बियाणं आणि माणसंही तीच. बदलते ती फक्त माती. दख्खनच्या पिकांची तुलना करायला याहून सोयीचं रान मिळणं कठीण.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपान सरकारच्या मदतीने चाललेल्या एका प्रकल्पात नोरिहारु आए हे जपानी मृदाशास्त्रज्ञ या रानात काम करत होते. जपानमध्ये ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली माती बरीच आहे. तिच्यातलं ॲल्युमिनियम फॉस्फरसला इतकं घट्ट धरतं की खत भरपूर घातलं तरी पिकाच्या हाती थोडंच लागतं. मातीत आहे पण पिकाला मिळत नाही, हे कोडं जपानी मृदाशास्त्राच्या चांगल्या ओळखीचं. पाटणचेरूच्या तांबड्या मातीत आए यांना त्याच कोड्याचं दुसरं रूप भेटलं. इथे धरून ठेवणारं होतं लोह. आणि लोहाने धरलेला फॉस्फरस सोडवून घेणारं एक पीकही भेटलं. ते पीक म्हणजे तूर.

एप्रिल १९९० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आए, जोजी आरिहारा, केन्सुके ओकादा, तेरुहिको योशिहारा आणि ख्रिस योहानसन यांचा चार पानी निबंध आला. तुरीच्या मुळांतून पाझरणारं एक आम्ल लोहाशी बांधलेला फॉस्फरस मोकळा करतं, आणि म्हणून भारतीय उपखंडातल्या मिश्र पिकांत तुरीचं काम डाळीपुरतं नसतं, असं त्यात मांडलं होतं. मुळं आणि माती यांच्या नात्यावर काम करणारे लोक आजही त्याचा दाखला देतात. पण ज्या महाराष्ट्रात तूर लाखो हेक्टरांवर पेरली जाते, जिथे रोज तिचं वरण शिजतं, तिथे तो निबंध पिकाबद्दलच्या रोजच्या बोलण्यात उतरला नाही. तुरीचं नाव निघालं की आपण बोलतो ते भावाबद्दल, मर रोगाबद्दल, शेंगा पोखरणाऱ्या अळीबद्दल. तिची मुळं जमिनीखाली काय करतात हे कुणी विचारत नाही. खताच्या गोणीमागे धावण्यात खरिपाचे दिवस घालवणाऱ्या शेतकऱ्याचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे, म्हणून ही उणीव मला मोठी वाटते.

फॉस्फरसचा हिशेब आधी मांडायला हवा. पेशीतली ऊर्जा ज्या रेणूतून फिरते त्यात फॉस्फरस आहे, डीएनएच्या साखळीत आहे, आणि पुढच्या रोपाची शिदोरी म्हणून प्रत्येक बियाण्यात साठवलेला आहे. नत्र हवेतून आणता येतं. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू ते आणतात. फॉस्फरसला हवेची वाट नाही. तो खडकातून येतो आणि मातीत आल्यावर जागचा फारसा हलत नाही. नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जातं, खाली झिरपतं. फॉस्फेट मातीच्या कणाला चिकटून बसतं. मूळ आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा करतं, मग त्याला पुढे वाढावंच लागतं. म्हणून रोप कोवळं असताना, मुळांचा पसारा तोकडा असताना, फॉस्फरसची ओढाताण सर्वांत जास्त असते. ज्वारी-मक्याच्या कोवळ्या रोपांची पानं जांभळट पडून वाढ खुंटलेली दिसते ती याच दिवसांत.

एका हेक्टरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन २२.४ लाख किलो धरतात. किलोभर मातीत ३०० मिलिग्रॅम फॉस्फरस असला, आणि इतका तर साधारण जमिनीतही असतो, तर हेक्टरी तो ६७० किलोंच्या घरात जातो. त्याच जमिनीचा मातीपरीक्षणाचा कागद मात्र उपलब्ध फॉस्फरस दहा-बारा किलोच दाखवू शकतो. आता गोणीकडे वळू. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ४६ टक्के स्फुरद, म्हणजे २३ किलो. पण हा आकडा ऑक्साइडच्या रूपात मोजलेला असतो. निव्वळ फॉस्फरस त्यात दहा किलो. या दहातला पहिल्या हंगामात पिकाच्या अंगी लागतो तो फार तर पाचवा हिस्सा. बाकीचा बराचसा मातीतच राहतो: चुनखडीच्या काळ्या मातीत कॅल्शियमशी बांधलेला, तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधलेला. म्हणजे वर्षानुवर्षं आपण ज्या जमिनीला स्फुरद देत आलो, त्या जमिनीत तो साठलेलाही आहे आणि मातीपरीक्षणाच्या पत्रिकेवर ती जमीन स्फुरदात गरीबही आहे.

पत्रिकेवरचा हा आकडा कसा निघतो ते जवळून पाहावं, म्हणून जिल्ह्याच्या गावी एका माती परीक्षण प्रयोगशाळेत गेलो होतो. वाळवलेली, कुटलेली, चाळलेली अडीच ग्रॅम माती बाटलीत जाते. तिच्यावर ५० मिलिलिटर द्रावण पडतं. हे द्रावण लिटरमागे ४२ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेटचं, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्याचंच. फक्त त्याचा सामू नेमका ८.५ वर आणलेला. मातीचा रंग उतरू नये म्हणून थोडी कोळशाची पूड. बाटल्यांची रांग यंत्रावर अर्धा तास हिंदकळत राहते, मग गाळणं. गाळलेल्या पाण्यात आम्ल घातलं की फसफसून फेस येतो. फेस बसल्यावर मॉलिब्डेटचं द्रावण पडतं आणि थोड्या वेळाने नळीत निळा रंग चढू लागतो. एका नळीत पावसाळी आभाळासारखा फिकट, शेजारच्या नळीत गडद. बाटल्या विसळणाऱ्या ताईंनी पत्रिका यायच्या आधीच सांगून टाकलं, ‘‘ही गडद आहे ना, ती बागायतदाराची माती. वर्षानुवर्षं खत पडलेलं रान असतं ते.’’

ही पद्धत स्टर्लिंग ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. १९५४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने ती प्रसिद्ध केली. चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनी डोळ्यांसमोर ठेवून बसवलेली असल्याने आपल्या काळ्या मातीला ती मानवते. आम्लधर्मी जमिनींसाठी ब्रे आणि कुर्ट्झ यांची १९४५ ची वेगळी पद्धत आहे. दोन्ही पद्धती कसाला लागलेल्या आहेत आणि त्यांच्यावाचून खताचा सल्ला देणं म्हणजे अंधारात हात घालणं. तरी बाटलीत सोडा आहे, मूळ नाही, हे विसरता कामा नये. सोड्याला जेवढा फॉस्फरस सुटला तेवढा पिकालाही सुटेल असं आपण धरून चालतो. ज्वारीच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं ठरतं. तुरीने ते खोटं पाडलं.

आए यांच्या गटाने काळी आणि तांबडी माती कुंड्यांत भरली, स्फुरद घातलाच नाही, आणि ज्वारी, मका, सोयाबीन यांसारख्या पिकांबरोबर तूर लावली. काळ्या मातीत सगळ्याच पिकांनी कमीअधिक तग धरला. तांबड्या मातीत इतर पिकं फॉस्फरसवाचून खुंटली. तूर मात्र वाढत राहिली. तुरीचं सोटमूळ खोल जातं म्हणून ती तगते, असं आपण सहज म्हणतो, आणि शेतात ते खरंही आहे. पण कुंडीत खोल जायला जागाच नव्हती. उत्तर दुसरीकडे शोधायला हवं होतं.

मग पिकं वाळूत घेऊन पाहिली आणि त्यांना फॉस्फरस दिला तो एकेका रूपात: कुठे कॅल्शियमशी बांधलेला, कुठे ॲल्युमिनियमशी, कुठे लोहाशी. लोह फॉस्फेटवर तुरीने इतर पिकांना मागे टाकलं. शोधाची दिशा ठरली. मुळांतून बाहेर पडणारा पाझर गोळा करायचा, त्याचे घटक वेगळे करायचे, आणि कोणत्या घटकाने लोह फॉस्फेट विरघळतं ते पाहायचं. सायट्रिक आम्लासारखी ओळखीची आम्लं इतर पिकांच्या मुळांतूनही येतात, त्यामुळे तेवढ्याने तुरीचं वेगळेपण उलगडत नव्हतं. शेवटी हाती लागलं ते पिसिडिक आम्ल आणि त्याचं एक भावंड. कॅरिबियन बेटांवर ज्या झाडाची साल मासे गुंगवायला वापरत, त्या झाडात रसायनशास्त्रज्ञांना हे आम्ल पूर्वीच सापडलेलं होतं. ते तुरीच्या मुळाशी भेटेल आणि तिथे त्याचं असं काम असेल, याची मात्र कुणाला कल्पना नव्हती.

या आम्लाच्या रेणूचा एक भाग टार्टारिक आम्लाचा आहे, चिंचेला आंबटपणा देणाऱ्या आम्लाचा. काळवंडलेलं तांब्याचं भांडं चिंचेने घासलं की लख्ख होतं, कारण हे आम्ल वरच्या ऑक्साइडमधला धातू आपल्याकडे ओढून विरघळवतं. तुरीच्या मुळाशी तांब्याच्या जागी लोह असतं. पिसिडिक आम्ल लोहाला पकडतं. लोहाला चिकटलेलं फॉस्फेट मोकळं होतं, आणि मूळ ते उचलतं. हे सगळं मुळालगतच्या मिलिमीटरभर मातीत घडतं. शेताच्या मधोमध खड्डा खणून नमुना घेतला तर त्याचा मागमूसही लागणार नाही.

पुढच्या वर्षांत जपानमधल्या संशोधकांनी तुरीच्या पाझरात मॅलोनिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लंही मोजली, आणि लोह व ॲल्युमिनियमच्या बंधनातून फॉस्फरस सोडवण्यात त्यांचाही हात असल्याचं मांडलं. म्हणजे सगळं श्रेय एकट्या पिसिडिक आम्लाला देता येणार नाही. विज्ञानात असं होतंच. पहिला निबंध दार उघडतो, आत किती खोल्या आहेत ते मागून कळतं. तुरीला लोहाशी बांधलेला फॉस्फरस इतर पिकांपेक्षा चांगला घेता येतो, हा मूळ निष्कर्ष मात्र उभा आहे.

मुळांतून आम्ल पाझरतं हे ऐकून आपल्याकडच्या शेतकऱ्याला फारसा धक्का बसू नये. हरभऱ्याची आंब त्याला ठाऊक आहे. पहाटेच्या दवात हरभऱ्यावरून स्वच्छ धडपा फिरवायचा, तो पिळून निघालेलं आंबट पाणी बाटलीत भरून ठेवायचं आणि पोटदुखीवर द्यायचं, ही रीत मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. हरभऱ्याच्या शेतातून अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला ती आंब चरचरते. पानांवरच्या त्या लवेतून प्रामुख्याने मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं सुटतात. हरभऱ्याची मुळंही जमिनीखाली आम्लं सोडतात, त्यांत मॅलोनिक आणि सायट्रिक महत्त्वाची. काळ्या मातीत कॅल्शियमशी बांधलेला फॉस्फरस सोडवायला ती उपयोगी पडतात. म्हणजे रब्बीत भेगाळलेल्या काळ्या रानात, नुसत्या ओलीवर हरभरा उभा राहतो त्यामागे ओलीइतकंच या आम्लांचंही बळ आहे. तुरीचा जोर लोहावर, हरभऱ्याचा कॅल्शियमवर. एकाच कुळातली ही दोन पिकं, पण जमिनीशी वागण्याची तऱ्हा निराळी.

आए यांच्या निबंधातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग शेवटी येतो, मिश्र पिकाचा. ज्वारी किंवा बाजरी यांना लोहाशी बांधलेला फॉस्फरस फारसा घेता येत नाही. त्यांची भिस्त कॅल्शियमशी बांधलेल्या, तुलनेने सहज सुटणाऱ्या फॉस्फरसवर. तूर लोहाकडचाही घेऊ शकते. मग दोन्ही पिकं एका रानात असली तरी एकाच ताटातलं ओरबाडत नाहीत. त्यातून तुरीने सोडवलेला फॉस्फरस तिच्या पानांत जातो आणि पानगळीबरोबर जमिनीवर परत येतो. पान कुजलं की तो पुढच्या पिकाला मिळण्याजोगा होतो. एकूण फॉस्फरस वाढत नाही, पण फिरतीवर असलेला वाढतो. ‘‘तुरीचा पाला पडला की रान सुधारतं’’ हे जुने शेतकरी म्हणतातच. त्याचं कारण आपण आजवर नत्रात शोधत आलो. स्फुरदाचा वाटा त्यात आहे हे सांगायला जपानहून माणूस यावा लागला.

ज्वारीच्या काही तासांनंतर एक तास तुरीचा, ही पेरणी कुणा संशोधन केंद्राने शिकवलेली नाही. अमरावती जिल्ह्यात तुळजापूर गढी इथल्या उत्खननात सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे तुरीचे दाणे मिळाले आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी तो एक. विदर्भातला माणूस इतका काळ हे पीक हाताळत आहे. ज्वारी शंभर-सव्वाशे दिवसांत निघून जाते, तूर त्या काळात दबून असते आणि ज्वारी निघाली की मोकळ्या रानात फुलते, हे वेळेचं गणित त्याला डोळ्यांनी दिसत होतं. पाण्याचं गणितही दिसत होतं: वरची ओल ज्वारीची, खालची तुरीची. फॉस्फरसचं गणित डोळ्यांना दिसणारं नव्हतं, तरी तेही त्या पेरणीत बसलेलं होतं. आता ज्वारीच्या जागी बहुतेक ठिकाणी सोयाबीन आणि कापूस आले. सोयाबीनमध्ये तुरीचं तास अजून टिकून आहे, हे आपलं भाग्य. निव्वळ सोयाबीनच्या रानात तेही गेलं.

एका पिकाने सोडवलेल्या फॉस्फरसचा फायदा शेजारच्या पिकाला त्याच हंगामात मिळतो का, या प्रश्नावर चीनमध्ये पुढे मोठं काम झालं. ली लाँग यांच्या गटाने वायव्य चीनमध्ये फॉस्फरस कमी असलेल्या जमिनीत मका आणि बाकला शेजारी शेजारी घेतले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकेकट्या पिकाच्या तुलनेत मक्याचं उत्पादन ४३ टक्के आणि बाकल्याचं २६ टक्के जास्त भरलं. बाकल्याच्या मुळांनी आजूबाजूची माती आम्लधर्मी केली, फॉस्फरस सुटला आणि मक्याच्या मुळांनीही तो घेतला. त्यासाठी दोघांची मुळं एकमेकांत गुंतलेली असावी लागतात. तास किती अंतरावर टाकायचं हा प्रश्न म्हणूनच निव्वळ कोळप्याच्या सोयीचा नाही.

आता आपल्या जमिनींकडे. इथे हात आखडता घेऊन बोलायला हवं, कारण चांगल्या शोधाचं भलतंच पीक काढायची सवय आपल्याला आहे. मराठवाड्याची, वऱ्हाडाची काळी माती बरीचशी चुनखडीची. तिथे फॉस्फरस कॅल्शियमकडे जास्त असतो. तुरीचं लोहावरचं कसब तिथे तितकं उपयोगाला येत नाही. कृषी विद्यापीठांची तुरीसाठीची शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद अशी आहे, आणि काळ्या रानात स्फुरदाला तूर प्रतिसाद देते. उद्या कुणी सांगू लागलं की तुरीला डीएपी लागतच नाही, कारण जपानी शास्त्रज्ञाने तसं लिहिलंय, तर ते साफ चूक. आए यांनी तसं कुठेही लिहिलेलं नाही.

हे संशोधन महाराष्ट्रात लागू पडण्याजोगं ठिकाण म्हणजे तांबड्या आणि जांभ्या जमिनी: कोकण, कोल्हापूरच्या पश्चिमेचा भाग, आणि पूर्व विदर्भ. गोंदिया-भंडाऱ्यात मी धानाच्या बांध्या पाहत फिरत होतो. बांधीत गुडघाभर धान आणि चारही बाजूंच्या धुऱ्यांवर तुरीची हिरवी भिंत. धुऱ्याची माती म्हणजे बांधीतूनच खरवडून वर टाकलेली, पिवळट-तांबूस, पावसाने धुपलेली. तूर टोबली की तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. एका शेतकऱ्याला विचारलं, धुऱ्यावरच्या तुरीला खत किती देता? ते हसले. ‘‘धुऱ्याले खत कोन देते जी? बांधीलेच पुरत नाही.’’ आणि तरी जानेवारीत त्या धुऱ्यांवरून घरच्या वर्षाच्या डाळीची बेगमी होते.

इथे निसर्गाने मांडलेला एक प्रयोगच समोर आहे असं मला वाटतं. बांधीत पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, आणि तिथले सूक्ष्मजीव लोहाचं रूप पालटतात. न विरघळणारं लोह विरघळणारं होतं. त्याला धरून बसलेलं फॉस्फेटही मोकळं होतं. पाण्याखालच्या मातीचं हे रसायनशास्त्र श्रीलंकेचे पोन्नाम्पेरुमा यांनी फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेत उलगडून दाखवलं. त्यांचा १९७२ चा दीर्घ लेख आजही त्या विषयाचा पाया मानतात. म्हणजे धानाला लोहाकडचा फॉस्फरस पाणी सोडवून देतं. दोन हातांवर, धुऱ्याच्या कोरड्या मातीत, तूर तोच फॉस्फरस आम्लाने सोडवते. एकाच मातीतला, एकाच लोहाने धरलेला फॉस्फरस दोन पिकांना दोन वाटांनी मिळतो, आणि दोन्ही वाटा एका धुऱ्याच्या अल्याडपल्याड. पाटणचेरूच्या कुंड्यांत जे दिसलं ते धुऱ्यावर किती प्रमाणात घडतं, हे मोजायला याहून चांगली जागा नाही.

आए यांचं काम तुरीपाशी थांबलं नाही. जपानला परतल्यावर त्यांनी भुईमूग हाती घेतला. भुईमूगही फॉस्फरस कमी असलेल्या जमिनीत ज्वारीपेक्षा बरा तगतो, पण त्याच्या मुळांच्या पाझरात तुरीसारखं काही विशेष सापडेना. तेव्हा त्यांनी पाझर सोडून मुळाच्या सालीकडे पाहिलं. भुईमुगाच्या मुळांच्या पेशीभित्तिकांचा पृष्ठभागच लोहाला ओढून घेतो आणि फॉस्फेट सोडवतो, असं त्यांच्या गटाने १९९६ मध्ये मांडलं. मातीचा कण मुळाला टेकला की काम होतं, मध्ये पाझर लागत नाही. २००२ मध्ये तुरीच्या मुळांतही हा गुण असल्याचं त्यांनी म्हटलं. या मांडणीवर पिसिडिक आम्लाइतकं एकमत झालेलं नाही. मला त्यातली विचार करण्याची पद्धत भावते. एका पिकात सापडलेलं उत्तर दुसऱ्या पिकाला लागू पडत नाही हे दिसल्यावर त्यांनी पिकाला दोष दिला नाही, प्रश्न बदलला.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. तूर फॉस्फरस निर्माण करत नाही. नत्राच्या बाबतीत कडधान्यं हवेतून खरोखर नवी भर घालतात. फॉस्फरसमध्ये तशी सोय नाही. एक क्विंटल तुरीबरोबर तीन-चारशे ग्रॅम फॉस्फरस शेताबाहेर जातो. मोंढ्यावर गेलेला तो परत येत नाही. लोहाकडची साठवण मोठी आहे, पण ती साठवणच. तिच्यातून सतत काढत राहायचं आणि शेणखत, पालापाचोळा, खत यांतलं काहीच परत द्यायचं नाही, तर आज नाही उद्या तळ लागणार. तुराट्या जळणाला जातात तेव्हा त्यांची राख तरी रानात परत जावी.

तरीही ही साठवण वापरता येणं देशासाठी किती मोलाचं आहे ते गोणीच्या उगमाकडे पाहिलं की कळतं. जगातल्या फॉस्फेट खडकाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठे मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एकाच पट्ट्यात आहेत. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटडाची खाण आहे, पण देशाची गरज तिच्यावर भागत नाही. खडक, फॉस्फोरिक आम्ल, तयार डीएपी असं सगळं बोटींनी येतं. २००८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये जागतिक भाव भडकले. २०२१ पासून चीनने निर्यात आवळली. २०२४ च्या रब्बीत डीएपीसाठी अनेक राज्यांत रांगा लागल्या. गोणीवरची किंमत १३५० रुपयांवर धरून ठेवायला सरकारी तिजोरीतून मोठी रक्कम जाते. आणि एवढ्या लांबून, एवढ्या खर्चाने आणलेल्या फॉस्फरसचा मोठा हिस्सा आपल्या मातीत जाऊन लोहाशी आणि कॅल्शियमशी बांधला जातो.

फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. पत्रिका शेतकऱ्यांच्या घरोघरी पोचल्या. पत्रिकेवर स्फुरदाचा एक आकडा असतो आणि त्यावरून खताची मात्रा. गेल्या हंगामात त्या रानात तूर होती की निव्वळ सोयाबीन, माती चुनखडीची की लोहाची, पाला रानातच पडला की तुराट्यांसकट बाहेर गेला, याची नोंद त्या आकड्यात कुठेही उमटत नाही. ओल्सन यांच्या पद्धतीत हे बसवताही येणार नाही, ते तिचं काम नव्हे. पण सल्ला देणाऱ्याच्या वहीत हे प्रश्न असायला काय हरकत आहे? तांबड्या जमिनीतल्या ज्वारीला तुरीच्या फेरानंतर किती स्फुरद पुरतो, हे शेतावर मोजून पाहण्यासारखं आहे.

वाणांच्या बाबतीत तर काम अजूनच निकडीचं आहे. बदनापूरला, अकोल्याला, राहुरीला तुरीचे उत्तम वाण तयार झाले. मर रोगाला दाद न देणारे, लवकर येणारे, टपोऱ्या दाण्याचे. त्यांच्या चाचण्या बहुधा शिफारशीत खतमात्रा देऊन होतात. स्फुरद हाताशी असलेल्या रानात निवडलेल्या वाणाची, स्फुरद नसलेल्या रानात काय गत होते, हे त्या चाचणीतून कळत नाही. धुऱ्यावर टोबली जाणारी तूर तर बिनखताचीच असते. तिच्यासाठी वाण निवडायचा तर निवडही बिनस्फुरदाच्या तांबड्या मातीत करावी लागेल. धानावर काम करणारं सिंदेवाहीचं केंद्र पूर्व विदर्भाच्या त्याच धानपट्ट्यात आहे. तिथल्या धुऱ्यांवर, एका बाजूला स्फुरद देऊन आणि दुसऱ्या बाजूला न देता, बदनापूर-अकोल्याचे वाण आणि झाडीपट्टीतले जुने गावरान वाण शेजारी शेजारी टोबावेत, आणि दाण्याबरोबर मुळालगतची मातीही तपासावी. जूनच्या पेरणीआधी ठरवलं तर जानेवारीच्या काढणीला पहिले आकडे हाती येतील.